मनगटाचा वेढा

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. जुना आणि काळजीखोर. सध्या बजाजनगर या कारखान्यांजवळच्या वस्तीत एका खोलीच्या गॅलरीत मला दोन खिळ्यांना ताणून बांधलं आहे आणि माझ्यावर कंपनीचे निळे शर्ट वाळत घालतात. काम सोपं आहे. तरी एखादी ओली चादर पडली की मी दोन्ही खिळे चाचपून पाहतो. तुम्ही हसाल. पण आपल्या भरवशावर कोणी लटकलेलं असलं, की काळजी करायची सवय लागते ती लागतेच.

माझा जन्म दोन हजार बाराच्या दुष्काळातला. नाथसागर या धरणाच्या जलाशयाकाठी मेंढपाळांची एक लहान वस्ती आहे. तिथल्या मुंजाबांनी बांधावरचं घायपात कापून आणलं, डबक्यात कुजवलं, ठेचून त्याचा वाख, म्हणजे तंतू काढला. त्यांच्या सुनेनं, बानाबाईनं एक टोक धरलं आणि मुंजाबांनी दुसऱ्या टोकाकडून पीळ दिला. वळून झाल्यावर त्यांनी मला पायाखाली दाबून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. "ह्यो काय तुटत नाय," ते म्हणाले. माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक, आणि त्याच क्षणापासून मला तुटण्याची भीती वाटू लागली.

त्या वर्षी विहिरीचं पाणी रोज खाली जात होतं. उन्हाळ्यात मी पाण्यापर्यंत पुरेनासा झालो, तेव्हा मुंजाबांनी मला आणखी एक तुकडा जोडला. माझ्या मधोमध ती गाठ आली आणि माझी झोप उडाली. पाणी शेंदताना ती रहाटावरून करकरत जायची. आज सुटते की उद्या, एवढंच माझ्या मनात असायचं.

पुढं विहिरीला पाणी आलं आणि मुंजाबांची नात, बानाबाईची मुलगी शालू त्यात पोहायला शिकली. तरंगायला तिच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला होता, कमरेला मी होतो आणि माझं दुसरं टोक वर काठावर उभ्या असलेल्या आजोबांच्या मनगटाला वेढा घालून धरलेलं होतं. मेंढपाळ दोर असाच धरतात. अंगावर येणारा एडका, म्हणजे नर मेंढा, बाजाराला न्यायचा असला, की त्याच्या गळ्यातला दोर नुसता मुठीत धरून भागत नाही. जनावर हिसका देतं, मूठ उघडते आणि एडका पसार होतो. म्हणून मनगटाला दोन वेढे द्यायचे. शालूला हे चालता येऊ लागल्यापासून शिकवलेलं होतं. फरफटत गेली, तरी तिनं दोर कधी सोडला नाही. वस्तीवर तिचं याबद्दल फार नाव होतं.

मग बोट आली. शहरातल्या कोणीतरी पर्यटकांना फिरवायला ती फायबरची बोट इंजिनासकट आणली होती. पाणी मागं सरकू लागलं तसा त्याचा धंदा बसला आणि शालूच्या वडिलांनी, भारतनं ती घेतली. पलीकडच्या काठावर, उघड्या पडलेल्या गाळावर त्यांनी मका पेरला होता. तिकडून चारा आणायला आणि कोकरं न्यायला बोट उपयोगी पडायची. तिच्या कुशीवर एक रंग उडालेलं चित्र होतं. धावत्या बोटीच्या मागं एक मुलगी फळीवर उभी आहे, हातात ताणलेला दोर आहे आणि ती हसते आहे.

शालू ते चित्र रोज पाहायची. दोन हजार एकोणीसच्या मार्चात तिची दहावीची परीक्षा संपली. जूनमध्ये ती बजाजनगरला आत्याकडं, चंपाबाईंकडं शिकायला जाणार होती. आणि पाणी तर तिच्याही आधी निघालं होतं. धरणातून शहराला आणि कारखान्यांना पाईप जात होते, वरून ऊन ओढून घेत होतं. काठावर बोट बांधायला भारतनं ठोकलेली खुंटी दर चार दिवसांनी पुढं न्यावी लागायची.

"अण्णा, बोट गाळात बसायच्या आत मला त्या पोरीवानी हुबं ऱ्हायचंय," शालू म्हणाली.

"तिच्यापाशी समदं सामान आसंल. आपल्यापाशी काय हाय?" भारत म्हणाला.

"फळी हाय. दोर हाय. बोट हाय."

फळी म्हणजे मोडक्या पलंगाचं प्लायवूड. पाय अडकवायला तिनं त्यावर ट्यूबचे पट्टे ठोकले. पाठीला तोच जुना डबा. आणि दोर म्हणजे मी, गाठीसकट. बानाबाई म्हणाली, "मी बोटीत बसल्याबिगर इंजन सुरू करायचं नाय." ती भारतच्या पुढ्यात, मागं तोंड करून बसली, कारण भारतला पुढं पाहावं लागे. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून खूण ठरली. बानाबाईनं हात वर केला, की भारतनं वेग वाढवायचा.

पहिले काही दिवस शालू नुसती पडत होती. बोट ओढू लागली, की ती एडक्याला आवरावं तशी कोपरं आत घेऊन मला उलटं ओढायची आणि फळी तिच्या पायाखालून निघून जायची. ओला झालेला मी तिच्या मुठीतून निसटायचो. मला मात्र एकच धास्ती होती, गाठीची.

मुंजाबा काठावरून हे पाहत होते. नातीच्या हातातून दोर सुटतो हे त्यांना बघवेना. संध्याकाळी ते तिला म्हणाले, "आगं, येढा दे की मनगटाला. ईसरली का?"

मित्रांनो, मला तोंड असतं तरी मी तेव्हा काही बोललो नसतो. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूनं माझे दोन वेढे मनगटाला घेतले. बोट निघाली. ती पाण्यातून अर्धी वर आली आणि तोंडावर पडली. फळी सुटली. पाठीचा डबा सुटला. मी सुटलो नाही. ओल्या घायपाताचा वेढा ताणाखाली आवळत जातो, तसा मी तिच्या मनगटावर आवळलो आणि तिला पाण्याखालून ओढू लागलो.

बानाबाईनं घाबरून हात वर केला. भारतला ती खूण दिसली आणि त्यानं वेग वाढवला.

सात वर्षं मी एकच मागणं मागत आलो होतो, की तुटू नये. त्या घडीला मी गाठीला विनवलं, बाई गं, आता तरी सूट. ती सुटली नाही. मुंजाबांनी मारलेली गाठ होती ती. शालूचं डोकं एकदा वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. माझ्यातून तिच्या बोटांची ओढाताण मला कळत होती, आणि मग ती कमी होऊ लागली.

बोटीत चारा कापायचा विळा पडलेला होता. बानाबाईनं तो उचलला आणि बोटीच्या काठावर मला धरून दोन घाव घातले. पहिल्यात माझा पीळ उसवला, दुसऱ्यात मी तुटलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

भारतनं बोट वळवली. शालूला वर घेतलं तेव्हा ती खोकत होती. मनगटाभोवतीची कातडी निघाली होती आणि त्यात माझे तंतू अडकले होते. बानाबाई ते एकेक करून काढत होती.

मुंजाबा दोन दिवस मेंढरांमागं गेले नाहीत. भाकरी पुढ्यात तशीच राहायची. तिसऱ्या दिवशी ते शालूला म्हणाले, "मीच सांगितलं तुला. म्हातारा झालो, पर मला येकच गोष्ट ठावं, धरायची."

"मला पुन्यांदा करायचंय, आबा."

बानाबाई आतून म्हणाली, "तिचा हात आधी सोडायला शिकंल, मंगच मी बोटीत पाय ठिवीन."

मुंजाबा उठले. त्यांनी आपली मेंढरांमागची काठी घेतली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, आणि तिचा हातभर तुकडा कापला. त्याच्या मधोमध मला घट्ट बांधलं, म्हणजे शालूनं मला नाही, ती काठीच दोन्ही मुठींत धरायची. "आता येढा द्यायला जागाच ठिवली नाय," ते म्हणाले. मग काठावरच्या वाळूत त्यांनी शालूला फळीवर बसवलं. ते मला ओढायचे, ती अंग उचलायची, आणि ते म्हणायचे, "सोड."

ती सोडत नसे. तिला सोडायचं असे, पण हात ऐकत नसे. जन्मापासूनची सवय होती ती, आणि ती ज्यांनी लावली तेच आता मोडायला बसले होते. म्हातारा घामाघूम व्हायचा. "सोड. आगं सोड, पोरी." चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत तिची मूठ उघडली आणि ते वाळूत उताणे पडले. दोघं कितीतरी वेळ हसत होते. मी मधे पडलो होतो आणि मलाही बरं वाटत होतं.

आता खूणही बदलली. हात वर म्हणजे इंजिन बंद. मुंजाबा स्वतः बानाबाईशेजारी मागं तोंड करून बसले. पाणी इतकं खाली गेलं होतं, की बुडालेल्या बाभळींची खोडं वर आली होती. आणखी आठवड्यानं बोट चालली नसती.

शालू तीनदा पडली. तिन्ही वेळा तिनं मला सोडलं आणि तिन्ही वेळा माझा जीव आधी वर आणि मग खाली झाला. चौथ्या खेपेला तिनं हात सरळ ठेवले. ओढलं नाही, आवरलं नाही, बोट नेईल तसं अंग जाऊ दिलं. फळी पाण्यावर चढली आणि ती उभी राहिली. माझ्यात एक सरळ, शांत ताण आला. गाठ होती तिथंच होती, पण मला तिची आठवणही राहिली नाही. चित्रातल्या मुलीसारखी शालू हसत मात्र नव्हती. दात आवळून, डोळे मोठे करून ती आपल्या आजोबांकडं पाहत होती.

पुढं बाभळींची खोडं आली. मुंजाबांनी मान वळवून ती पाहिली, हात वर केला आणि इंजिन बंद झालं. "सोड," ते म्हणाले.

तिनं सोडलं. फळी थोडी पुढं आली आणि ती हळूहळू कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मी रिकाम्या काठीसह पाण्यावर तरंगत राहिलो. हातातून सुटलेला दोर म्हणजे लाज, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी मला अजिबात लाज वाटली नाही.

जूनमध्ये मी शालूच्या वळकटीला बांधलेला होतो. फाट्यावर बस आली. मुंजाबांनी तिचं मनगट धरलं होतं, जिथं माझा पांढरा वण आहे तिथंच. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. त्यांची बोटं काही उघडेनात.

"आबा," शालू हळूच म्हणाली, "सोडा की."

त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, आणि सोडलं.

मित्रांनो, मी आता झिजलो आहे. या गॅलरीत नळाला येतं ते पाणीही नाथसागराचंच, शर्टांतून ते माझ्यावर टपकतं आणि मला तो काठ आठवतो. तुमच्या घरी एखादा दोर असेल, तर त्याला ओला गुंडाळून ठेवू नका आणि वापरण्याआधी त्याची गाठ पाहा. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी माणूस असेल, तर त्याला जीव लावून धरा, पण मूठ उघडता येईल असं धरा. शालू आता कंपनीत कामाला जाते; निघताना अजूनही मला एकदा मुठीत घेते, आणि सोडते.