बोका थांबतो

आमच्या कुत्र्याचं नाव बोका. पिल्लू असताना तो गवतात पोट टेकवून, एक पंजा हवेत धरून चिमण्यांवर दबा धरायचा, म्हणून बाबांनी ठेवलं. "कुत्रा आणलाय की मांजर, एकदाचं ठरवा," असं तेव्हा आई म्हणाली होती. मोठा झाल्यावर त्याने दबा सोडला आणि पाठलाग धरला. शेजारणीच्या दोन कोंबड्या गेल्या, माळावरचा एक ससा गेला, आणि एकदा तो स्वतःच ट्रकखाली जाता जाता वाचला. त्या दिवशी बाबांनी त्याला शिकवायला घेतलं.

बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. ओरडून कुणाची पळायची हौस फिटत नाही, हे त्यांना पोरांवरून माहीत होतं. त्यामुळे त्यांनी पाठलाग बंद केला नाही, त्याचा खेळ केला. एक लांब काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या टॉवेलची चिंधी. ती जमिनीवरून सशासारखी वाकडीतिकडी पळवायची. बोका मागे सुटला की मध्येच "थांब!" थांबला, तर थोड्या वेळाने "घे!" आणि मग चिंधी त्याची. चावा, झटका, मिरवा. नाही थांबला, तर चिंधी हवेत उंच आणि खेळ खलास. बाबांनी थांबायचा वेळ वाढवत नेला. पाच सेकंद, वीस, दीड मिनिट. जितका जास्त थांबेल तितका जास्त वेळ चिंधी त्याच्या तोंडात. वर्षभरात बोका खऱ्या सशामागे सुटला तरी एका हाकेवर जागच्या जागी खिळायचा आणि मान वळवून बाबांच्या तोंडाकडे बघायचा. आता? घेऊ?

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला पुढून एक छिद्र ठेवतील, श्वास तिथून चालेल.

"म्हणजे शिट्टीसुद्धा वाजवता येणार नाही?" बाबांनी विचारलं. आवाज तेव्हाच खरखरीत झाला होता.

"तोंडातून हवा येणारच नाही, सर."

ऑपरेशनला अठरा दिवस होते. घरी येताच आईने सांगून टाकलं, "बोका माझ्या भावाकडे जाईल." मामाच्या घराला उंच भिंत आणि अंगणात साखळी होती.

"साखळीला तो झुरून मरेल गं."

"आणि मानेला भोक घेऊन तुम्ही त्याच्यामागे रस्त्यावर धावणार? अहो, तुम्हाला सांभाळू की त्याला?"

मी प्राणिवर्तनाचा अभ्यास संपवून नुकतीच घरी आले होते. नोकरी नव्हती, मतं भरपूर होती. मी म्हटलं, "आई, तो बाबांच्या आवाजाशिवाय थांबायला शिकला तर?"

"तर राहू दे. पण मला दिसलं पाहिजे."

जुन्या खुणेच्या जागी नवी खूण बसवायची पद्धत सोपी आहे. आधी नवी खूण, एक सेकंद थांबून जुनी. कुत्र्याला कळतं की या आवाजामागून नेहमी तो शब्द येतो, आणि काही दिवसांनी तो शब्दाची वाट न बघता पहिल्याच आवाजाला थांबतो. क्रम उलटा केला तर काहीच शिकत नाही. नवी खूण बाबांनीच निवडली. शर्यत सोडताना वाजवायच्या दोन लाकडी फळ्या, बिजागरीने जोडलेल्या. मनगटाच्या एका झटक्यात मिटतात आणि खट्ट आवाज माळाच्या टोकापर्यंत जातो.

"तीस वर्षं यांच्यावर पोरं पळवली," बाबा म्हणाले. "आता थांबवून बघू."

घरासमोरच्या माळावर पहिले चार दिवस वाया गेले, आणि ते बोक्यामुळे नाही. बाबांच्या तोंडून "थांब" आधी निघायचं आणि फळ्या नंतर वाजायच्या.

"बाबा, क्रम!"

"हो हो, शास्त्रज्ञबाई. जीभ मनगटाच्या आधी पोचते, काय करू?"

"आयुष्यभर तेच केलंत," आई ओट्यापाशी होती, तिथून म्हणाली.

मी वहीत रकाने आखले. अंतर, फळ्या, थांबायला लागलेला वेळ, शब्द लागला की नाही. मोबाइलवर चित्रण करायचे, फळ्या वाजल्यापासून बोका थांबेपर्यंत, आणि जागा वाचावी म्हणून तिथेच बंद करायचे.

डॉक्टरांनी घशाला आराम द्यायला सांगितला होता. बाबा घरात पाटीवर लिहून बोलू लागले आणि आवाज सकाळच्या खेळासाठी राखून ठेवू लागले. एकदा आईने विचारलं, "चहा आत्ता की नंतर?" त्यांनी पाटी उचलली. आईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आठवडा राहिलाय. एवढं तरी तोंडाने सांगा."

"आत्ता," बाबा म्हणाले. आई चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अकराव्या दिवशी फळ्या वाजल्या आणि शब्दाच्या आधीच बोका खिळला. बाबांनी "थांब"साठी उघडलेलं तोंड मिटलं. मी टाळ्या पिटल्या. ते हसले, पण जरा उशिरा. त्यानंतर रोज आकडा चढत गेला. शेवटच्या सकाळी दहापैकी दहा. एकदा खरा ससा उठला, तरी बोका थांबला. आई कठड्याशी उभी राहून बघत होती.

"बरं बाई," ती म्हणाली. "राहू दे तुमचा बोका."

बाबांनी राहिलेल्या आवाजात "घे!" म्हटलं. घसा साथ देत नव्हता, पण बोक्याला पुरलं. तो चिंधी घेऊन माळभर नाचला. इतके खूश आम्ही कित्येक दिवसांत झालो नव्हतो.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी बाबा घरी आले, मानेच्या छिद्रावर पातळ कापड. चार दिवसांनी आम्ही माळावर गेलो. बोका त्यांना बघून असा वेडा झाला होता की मला दोन्ही हातांनी धरावा लागला. मी चिंधी पळवली, तो सुटला, बाबांनी फळ्या मिटल्या. खट्ट. बोका खिळला. एक सेकंदही लागला नाही.

मग त्याने मान वळवून बाबांच्या तोंडाकडे बघितलं.

मी अजून घड्याळाकडेच बघत होते. दहा सेकंद झाले, वीस झाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. "थांब"ची जागा आम्ही फळ्यांना दिली होती. "घे"ची कुणालाच दिली नव्हती. पळण्याचीच भीती होती, म्हणून थांबण्याचेच रकाने आखले. "घे" ते आपले आनंदाने म्हणायचे, ते मोजायचं मला सुचलंच नाही.

बाबांचे ओठ हलले. मानेवरचं कापड तेवढं फुगलं आणि बसलं.

"घे!" मी म्हटलं. बोक्याचा एक कान माझ्याकडे फिरला आणि परत गेला. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. त्याने बघितलंसुद्धा नाही.

बाबा त्याच्याजवळ गेले, मागच्या पुठ्ठ्यांवर हात ठेवून त्याला चिंधीकडे ढकलू लागले. जितकं ढकलावं तितके तो पाय रोवायचा. शेवटी ते खाली बसले. बोका त्यांच्या ओठांना नाक लावून हुंगायला लागला.

त्या रात्री मी मोबाइल चाळला. एकशे बारा तुकडे होते, सगळे बोका थांबला की संपणारे. "घे" एकातही नव्हतं.

पुढे नऊ दिवस आम्ही सगळं करून पाहिलं. हाताची खूण, मांडीवर थाप, चिंधी नाकाला लावणं. दुसरा एखादा कुत्रा एव्हाना कंटाळून उठला असता, आणि त्या उठण्यालाच बक्षीस देऊन मी त्याला नव्याने शिकवू शकले असते. बोका उठत नव्हता. वर्षभर बाबांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की जितका थांबशील तितकं मिळेल. अजून मिळालं नाही, म्हणजे अजून थांबायला हवं, एवढाच हिशोब त्याच्याकडे होता.

दहाव्या सकाळी आम्ही काठी घेतलीच नाही, नुसते फिरायला गेलो. झुडपातून ससा निघाला, बोका सुटला. पलीकडे रस्ता होता. बाबांनी फळ्या वाजवल्या. तो थांबला, वळला, बघत राहिला. ससा गेला. आम्ही चालू लागलो, तो आला नाही. मी लांबून हाका मारल्या. पाव तासाने बाबा मागे गेले, त्याच्या गळ्यात दोरी अडकवली, आणि त्याला ओढत, दर चार पावलांनी थांबत घरी आणलं.

आई फाटकात होती. दोरी बघून तिचा चेहरा उतरला.

"पळाला?"

"नाही गं," मी म्हटलं. "थांबला."

"मग बांधलं कशाला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटी घ्यायला आत गेले. मी फाटकात दोरी धरून उभी राहिले. बोका दाराकडे बघत बसला होता. आत खडूचा आवाज सुरू झाला, थांबला, आणि बराच वेळ पुन्हा झाला नाही.