माझी कापलेली हिरवी वायर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रागात आहे. मी एक जुना दिवा आहे, माशांच्या टाकीवर आडवा बसणारा, हातभर लांब, ॲल्युमिनियमच्या अंगाचा. दिव्याने गुमान उजेड द्यावा, तोंड उघडू नये, असं तुम्हाला वाटत असेल. पण माझ्यामुळे एका नऊ वर्षांच्या मुलीचा जीव जाणार होता, आणि त्यात माझा दोष तिळाएवढाही नव्हता. मग मी गप्प का बसू?

माझा जन्म पुण्याजवळ भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शुभ्राताई नावाच्या बाईंनी माझ्या पोटात तीन वायरी जोडल्या. लाल आणि काळी वायर वीज आणते आणि नेते, तेवढं सगळ्यांना ठाऊक असतं. तिसरी वायर हिरवी. ती उजेड देत नाही, म्हणून तिला कुणी विचारत नाही. पण माझ्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर हिरवी वायर ती जमिनीकडे घेऊन जाते आणि घराचा मेन स्विच तत्क्षणी पडतो. शुभ्राताईंनी ती जोडली आणि दोनदा ओढून पाहिली. शेजारच्या नव्या मुलीला त्या म्हणाल्या, "बाकीचं काम उद्या केलंस तरी चालेल, पण हिरवीत हयगय नको." ते शब्द मी जपून ठेवले.

दिवाळीला शारजाहून वासुदेव आणि वीणा त्यांच्या लेकीला, ईराला घेऊन पुण्याला आले होते. ईराला माशांची टाकी हवी होती. शारजातल्या दुकानांत माझ्यासारखे छप्पन्न दिवे मिळतात, पण तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांची खोडच अशी, की परत जाताना बॅगेत वस्तू गावाकडचीच हवी. मी भाजणीचं पीठ आणि लोणच्याची बरणी यांच्यामध्ये, टॉवेलात गुंडाळून शारजातल्या अल मजाज भागात पोचलो. खालिद लगूनच्या काठी उंच इमारत, अकरावा मजला, खिडकीत पाणीच पाणी. मला जागा फार आवडली होती हो!

आणि पहिल्याच संध्याकाळी माझा घात झाला. माझ्या प्लगच्या पिना जाड आणि गोल, तिथल्या भिंतीतली भोकं चपटी. वासुदेवांनी माझा प्लग कात्रीने कापला. जुन्या शेव्हरचा दोन बारीक पिनांचा प्लग काढून लाल आणि काळी वायर त्याला जोडली. हिरवी वायर तशीच लोंबत राहिली, म्हणून ती मुळापासून छाटून टाकली. तिथल्या भिंतीत वरच्या भोकात तिसरी पीन गेल्याशिवाय खालची दोन भोकं उघडत नाहीत. त्यावर त्यांचा तोडगा काय, तर आइस्क्रीमची काडी! वरच्या भोकात काडी खुपसली की खालची उघडतात.

"अहो, चालेल ना हे?" वीणाने विचारलं.

"अगं, इथे सगळे असंच करतात," वासुदेव म्हणाले.

मला राग येतो तो याच वाक्याचा. सगळे करतात म्हणून ते बरोबर कसं झालं?

तीन वर्षं मी चोख काम केलं. माझ्या उजेडात दोन गोल्डफिश झळकायचे. घरी आलेला प्रत्येक पाहुणा माझं कौतुक करायचा आणि वासुदेव म्हणायचे, "इंडियाहून आणलाय." काडी मात्र भिंतीत तशीच होती, पिवळी पडलेली.

यंदा जूनमध्ये शाळा बंद झाल्या आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे वीणा आणि ईरा भारतात गेल्या. वासुदेव नोकरीसाठी एकटेच मागे राहिले. टाकीचं पाणी एसीमुळे भराभर उडतं, दर दोन दिवसांनी भरावं लागतं. वासुदेवांना त्याचा कंटाळा. त्यांनी पोळ्या गुंडाळायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद आणला आणि माझ्यासकट अख्खी टाकी वरून आवळून टाकली. माशांना खाणं टाकायला तेवढा एक कोपरा उघडा. मग वीणाला व्हिडिओ पाठवला, "बघ, बोटभरसुद्धा पाणी कमी झालं नाही!"

पाणी कमी कसं होणार? ते सगळं माझ्या अंगात शिरत होतं. दोन महिने मी त्या वाफेत कोंडला गेलो. माझे स्क्रू गंजले, पोटात थेंब साचले. लाल वायरीतली वीज हळूहळू माझ्या अंगावर पाझरू लागली. तिला जमिनीकडे न्यायला हिरवी वायर नव्हती, म्हणून ती माझ्यावरच दबा धरून बसली.

ऑगस्टच्या शेवटी ईरा परत आली. बूट भिरकावून अनवाणीच टाकीकडे धावली, प्लॅस्टिक फाडून काढलं आणि माशांना हाक मारत माझ्यावर हात टेकवला. लगेच तिने हात मागे घेतला.

"बाबा, इट बिट मी!"

"मासा चावला असेल," वासुदेव मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले.

गोल्डफिश चावतो म्हणे! मुलगी खरं सांगत होती आणि बापाला मान वर करायला सवड नव्हती. ती ओल्या फरशीवर उभी असती तर काय झालं असतं? मला ओरडायचं होतं. दिव्याला ओरडता येत नाही, पण विझता येतं. त्याच संध्याकाळी मी विझलो. मित्रांनो, मला वाटलं, सुटलो. आता मला फेकून देतील आणि ईरा वाचेल.

पण वासुदेवांना घरच्या घरी दुरुस्तीची हौस आली. शनिवारी त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर उघडलं. कपभर पाणी निघालं. मग कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्यांनी मला तांदळाच्या डब्यात पुरलं.

"अहो, तो आंबेमोहोर गणपतीच्या नैवेद्याला आणलाय!" वीणा ओरडली.

"तीन दिवसांचा प्रश्न आहे. तांदूळ पाणी ओढून घेतो."

तांदळाने माझ्या पोटातलं पाणी काही ओढलं नाही. उलट माझ्या भोकांत चार दाणे मात्र अडकले. वासुदेवांनी बाथरूमचं उरलेलं सिलिकॉन आणून माझ्या सगळ्या फटी बुजवल्या. आतली ओल आतच राहिली. आणि कसा कोण जाणे, मी लागलो! वासुदेवांनी टाळ्या वाजवल्या. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ही मर्दुमकी दाखवायला त्यांनी शेजारच्या अक्रमभाईंना बोलावलं. अक्रमभाई मूळचे श्रीवर्धनचे, फुजैराच्या बंदरात जहाजांवरचं विजेचं काम करतात आणि सुट्टीला घरी येतात. टाकी धुवायला बादलीत काढलेले मासे अजून तिथेच होते. "काका आले की तू मासे सोड," असं बाबांनी ईराला सांगून ठेवलं होतं. ती बाही वर करून, अनवाणी, बादलीच्या सांडलेल्या पाण्यात उभी होती. मी तिच्या हातापासून वीतभर लांब होतो. मी जिवाच्या आकांताने विझायचा प्रयत्न केला. विझलो नाही.

अक्रमभाई दारातून आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यांची नजर भिंतीतल्या काडीवर गेली.

"वासुभाई, पोरीला मागं घे!"

"अरे, बघ तरी, मी स्वतः—"

"मागं घे म्हणतो ना! ईरा, बेटा, हात नको लावू, इकडं ये."

त्यांनी तिला दंडाला धरून कोरड्या जागी उभं केलं. मग खिशातला टेस्टर काढून त्याचं टोक माझ्या अंगाला लावलं. टेस्टर लाल पेटला.

"हिरवी वायर कुठंय?" अक्रमभाईंनी विचारलं.

"कापली. म्हणजे... इथे सगळे तसंच करतात."

"जहाजावर असं केलं असतंस ना, तर कॅप्टनने तुला पहिल्या बंदरात उतरवलं असतं. खलास! हा करंट पोरीच्या अंगातून गेला असता रे."

"आय टोल्ड यू, बाबा," ईरा हळूच म्हणाली. "इट बिट मी."

वासुदेव खाली गुडघ्यांवर बसले. त्यांनी ईराला जवळ ओढलं आणि तिचा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. वीणा रडत होती. मला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

मग माझी खरी दुरुस्ती झाली. अक्रमभाईंनी सांगायचं आणि वासुदेवांनी करायचं. सिलिकॉन खरवडलं, क्षार ब्रशने घासले, गंजके स्क्रू बदलले. मला उघड्या पोटाने दोन दिवस बाल्कनीच्या उन्हात ठेवलं. नवी तीन तारांची वायर आली, तीन चपट्या पिनांचा प्लग आला. हिरवी वायर वासुदेवांनी स्वतः जोडली.

"ओढून बघ," अक्रमभाई म्हणाले. वासुदेवांनी ओढली. "अजून एकदा." त्यांनी पुन्हा ओढली. मला शुभ्राताईंची इतकी आठवण झाली म्हणून सांगू!

बटण दाबलं आणि खटकन घराचा मेन स्विच पडला. दिवे गेले, एसी बंद पडला, फ्रिज गप्प झाला.

"छे! परत बिघडला," वासुदेव म्हणाले.

"बिघडला नाही. आत कुठंतरी थेंब राहिलाय, ते तो सांगतोय," अक्रमभाई म्हणाले. "आता त्याला सांगता येतं."

मित्रांनो, तीन वर्षं मी जे ओरडायला धडपडत होतो, ते त्या क्षणी ओरडलो. अख्खं घर थांबवून ओरडलो. वासुदेवांनी मला परत दोन दिवस उन्हात ठेवलं, आणि मग मी लागलो, तो आजतागायत.

आता माझ्या आणि पाण्याच्या मध्ये काचेचं झाकण आहे. पाण्यात हात घालण्याआधी ईरा भिंतीतला माझा प्लग काढते. ती काडी वासुदेवांनी फेकली नाही. टाकीशेजारी उभी चिकटवून ठेवली आहे, पाहुण्यांनी विचारावं म्हणून. पाहुणे विचारतात, मग वासुदेव मान खाली घालून सगळं सांगतात. ऐकून बरेच पाहुणे विषय बदलतात, कारण त्यांच्याही घरी अशी एक काडी असते.

तुमच्याही घरी असेल. आज घरी गेलात की भिंतींकडे एकदा नीट पाहा. काडी दिसली तर तिला हात लावू नका, मोठ्यांना दाखवा. ते म्हणतील, सगळे असंच करतात. तरीही दाखवत राहा, ते मान वर करेपर्यंत.