दारात अडकलेली लाल रिबीन

मित्रांनो, कामावर होतो तोवर माझ्या अंगात कायम सदतीस अंश उष्णता असायची. आज रागाने पारा त्याच्याही वर आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर, म्हणजे पेशी वाढवायचं उबदार कपाट. वय वर्षे एकोणीस. सध्याचा मुक्काम जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांशेजारी.

नवा होतो तेव्हा माझं कौतुक काय विचारता. दार लावलं की 'टप्' असा आवाज यायचा. तो ऐकायला लोक दोनदा दार लावत. मदतनीस मामा रोज सकाळी "तब्येत बरी ना?" विचारून माझा आकडा वहीत लिहीत. संशोधक बाई मला स्वतः पुसत.

मग माझ्या पोटात चिमणीचं पोट आलं. चिमणी हे एका शिंप्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचं लाडाचं नाव. जन्मतःच तिच्या आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरांनी सडलेलं काढलं, उरलं दोन विती. एवढ्याशा आतड्यात खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून दिवसाचे बारा तास छातीतल्या नळीतून थेट रक्तात अन्न, आणि त्याने यकृत थकत चाललेलं. बाईंनी त्या दोन वितींतून नखाएवढा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी एका मऊ जाळीवर पेरल्या आणि माझ्या हवाली केल्या. चार महिने मी त्या उबवल्या. टॉवेलवर असते तशी बारीक लव उगवली. एके दिवशी तो तुकडा आतड्यासारखा आपणहून आक्रसला. बाईंनी हाका मारून मामांना बघायला बोलावलं.

चिमणी बापाबरोबर बघायला आली.

"बाबा, हे माझं पोट आहे?"

"थोडंसं."

"मग ते इथे मजेत, आणि मी उपाशी?"

बाप हसला आणि घाईने खिडकीकडे वळला.

पंधरवड्यात तो तुकडा तिच्या पोटात जोडायचं ठरलं. तेवढ्यात संचालकांना उद्घाटन सुचलं. खोलीला नवा रंग दिला होता. रंगाचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून माझ्या दारावर आडवी लाल रिबीन बांधली. पाहुण्यांनी ती कापली, फोटोसाठी दार सहा वेळा उघडलं. शेवटी लावताना रिबिनीचं एक टोक बिजागरीजवळच्या रबरी खाचेत अडकलं; बाहेरची रिबीन कुणीतरी ओढून नेली, टोक तुटून आतच राहिलं. 'टप्' झालंच नाही. गार हवा आत शिरली आणि मी बोंबललो. बाई तेव्हा सभागृहात, व्यासपीठावर बसवलेल्या.

"मामा, ते बंद करा. पलीकडे भाषण सुरू होतंय," संचालक म्हणाले.

"साहेब, ते उगाच ओरडत नाही."

"म्हातारं झालंय. कुरकुर करणारच."

त्यांनी स्वतः बटण दाबून माझं तोंड बंद केलं आणि मामांना खुर्च्या मांडायला पिटाळलं. भाषणाचा विषय होता 'रुग्णांचे हित'. तीन तास. मग जेवण.

बाई परतल्या तेव्हा मी सव्वीस अंशांवर होतो. चौथ्या दिवशी तुकड्यावर बुरशी आली. राखीव तुकडाही माझ्याच पोटात होता. अहवालात एकच ओळ पडली, 'यंत्र जुने असल्याने बिघाड'. माझी रवानगी जिन्याखाली.

परवा चिमणीला पुन्हा आणलं. पुन्हा नखाएवढा तुकडा घ्यायचा होता, त्याच दोन वितींतला. बोलावणं येईपर्यंत ती माझ्याशेजारी बसली. चाळा म्हणून माझं दार लावून पाहिलं, ते लागेना. तिने खाचेत बोट घातलं, लाल टोक ओढून काढलं आणि दार पुन्हा लावलं.

टप्.

"बाई, हे कुठे बिघडलंय?" तिने बोलवायला आलेल्या बाईंना विचारलं.

बाईंनी ते टोक निरखलं. अहवालाची प्रत आणून 'यंत्र जुने' या शब्दांवर टाचलं आणि चिमणीचा हात धरून सरळ संचालकांच्या खोलीत शिरल्या. टकटक न करता. दार उघडंच होतं, म्हणून मला चिमणी ऐकू आली.

"मला परत कापणार आहेत. तुमचं काय कापणार?"

मग आतून कुणीतरी दार लावून घेतलं.

मित्रांनो, शेवटी 'यंत्रांना जपा' असं सांगायची रीत आहे. मला जपू नका. पुसूही नका. फक्त माझ्यासारखं कुणी ओरडलं, तर भाषण थांबवा आणि आधी दार नीट लावा. आत कुणाचं तरी जेवण असतं.