लोखंडी मेढ

कडूबाईचा आवाज असा, की तिनं बदनापूरच्या शिवारात साद घातली तर परतूरच्या बाजारात बांधलेली मेंढरं माना वळवायची. ज्याला खोटं वाटतं त्यानं परतूरच्या मेंढरांना विचारावं. पण याच आवाजाचा वीज कंपनीच्या ओमप्रकाश साहेबांवर काडीचा परिणाम झाला नव्हता.

कंपनीची मोठी लाइन शिवारातून चालली होती. कडूबाईच्या वस्तीपुढं, ऐन अंगणाच्या कडेला, टॉवर उभा राहिला. उंच एवढा, की शेंड्यावर बसायला निघालेली घार निम्म्या वाटेत दम खायला थांबायची. टॉवरच्या चार पायांखाली गेलेल्या जागेचा मोबदला मिळाला, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती तारांची. या टॉवरापासून त्या टॉवरापर्यंत तारा शेतावरून जाणार, आणि त्यांच्या खालच्या पट्ट्यात उंच झाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही. म्हणजे सातबारा कडूबाईचा आणि हुकूम तारेचा. त्या पट्ट्याचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा साहेब हसले. तार जमिनीला लागतच नाही मावशी, म्हणाले, हवेचा मोबदला कुठं असतो?

शेजारचे संपत गुरुजी रिटायर झालेले मास्तर. त्यांच्याही रानावरून तारा जाणार होत्या. पट्ट्याचा मोबदला द्यायचा सरकारचा नियमच आहे, हे त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. साहेबांनी मान डोलावली होती आणि चौकशी चालू आहे म्हटलं होतं. सगळे शेतकरी रस्त्यावर बसले, तर पोलिसांनी त्यांना गाडीत घालून जालन्याला नेलं, चहा पाजला, दिवस मावळता सोडलं. परत येऊन बघतात तो मागं दोन टॉवर वाढलेले.

आता फक्त तार ओढायची राहिली होती. शेजारच्या गावात तार ओढून झाली त्या दिवसापासून कंपनीच्या माणसाची सावलीसुद्धा तिथं कुणाला दिसली नव्हती. तार चढली की आपलाही हक्क तारेवर जाऊन बसणार, मग कितीही ओरडा, हे कडूबाईला पक्कं कळलं होतं. जे काय करायचं ते तार चढायच्या आधी.

"गुरुजी, आता आंदोलन बंद," ती म्हणाली. "आता शिवकन्येचं लगीन लावू."

शिवकन्या तिची नात. परतूरचं स्थळ पक्कं झालेलंच होतं, फक्त तारीख अलीकडं ओढली.

तार ओढणारी माणसं आली त्या सकाळी कडूबाई नारळ घेऊन टॉवरपाशी गेली. आवाज असा मऊ लावला, की तिची मेंढरंसुद्धा बुचकळ्यात पडली. झालं गेलं गंगेला मिळालं, म्हणाली, आमच्या मातीत काम सुरू होऊन राह्यलं, तर पूजा साहेबांच्याच हातून व्हावी. आपल्याकडं बोअरच्या गाडीलासुद्धा नारळाशिवाय कुणी हात लावत नाही, आणि साहेब तर जालन्याचेच. म्हातारी नरमली म्हणून ते विरघळले. त्यांनी टॉवरच्या पायाला हळदकुंकू लावलं. आंब्याचे डहाळे दिले, ते बांधले. पिवळ्या फडक्यात सुपारी दिली, तीही बांधली. नारळ फोडायला हे सामान जरा जास्त होतंय असं त्यांना वाटलं खरं, पण बाया गाणी म्हणत होत्या, गुरुजी मोबाइलवर फोटो काढत होते. अशा वेळी कोण शहाणा प्रश्न विचारतो?

तेवढ्यात मांडववाल्या कल्याणचा टेम्पो आला आणि त्यानं मांडवाची पहिली दोरी त्याच पायाला आवळली. साहेबांनी विचारलं, हे काय?

"मुहूर्तमेढ रोवली ना तुम्ही, साहेब. आमच्या शिवकन्येच्या लग्नाची," कडूबाई म्हणाली. "आता तुम्ही घरचेच."

वर चढलेला मुकादम रामप्रसाद गुपचूप खाली उतरला, चपला काढून त्यानं मेढीला हात जोडले आणि झाडाखाली जाऊन बसला. रोवलेल्या मेढीवर पाय देणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात मिळाला नसता. लग्न लागून नवरी मांडवपरतणीला माहेरी येत नाही तोवर मांडव उतरत नाही, आणि मांडव उतरत नाही तोवर मेढ हलत नाही. साहेबांच्याच बहिणीच्या लग्नात हेच झालेलं.

लग्न असं झालं, की वरण-बट्टीचा वास बदनापूर स्टेशनात शिरला आणि गार्डानं हिरवा झेंडा दाखवूनही गाडी हलेना. ड्रायव्हरच पंगतीत होता. साहेबांनी फौजदारांना बोलावलं. तेही आले, जेवले, टॉवेल-टोपीचा मान घेतला, आणि चालू लग्न मोडायचं कलम आपल्याकडं नाही असं साहेबांनाच समजावून गेले.

पाहुणे पांगले. मांडव तसाच. साहेब रोज यायचे, रोज विचारायचे, नवरी कधी येणार? पण परतूरला रोज नवं कारण निघे. एकदा अमावस्या, एकदा सासूचा गुडघा, एकदा गाय व्यायला झालेली. इकडं साहेबांच्या वरिष्ठांचे फोन सुरू झाले. फोन एवढा तापायचा, की साहेब तो रुमालात धरून बोलायचे.

शेवटी ते ओट्यावर येऊन बसले. थकलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, नवरीला आणायची रीत तरी काय आहे?

"मुराळी जातो आणायला," कडूबाई म्हणाली. "घरचा माणूस लागतो. मेढ तुम्ही रोवली, तुम्हीच जा."

असा तो कंपनीचा साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन, कंपनीच्या जीपमधून, मुराळी होऊन परतूरला गेला. शिवकन्येच्या सासरी त्याची बडदास्त चांगली राहिली. पाय धुवायला पाणी, गरम भजी, वर चहा. मग शिवकन्या समोर येऊन बसली. मुलगी शिकलेली, पण आजीवर गेलेली.

"मामा, आमच्या मांडवाचा खर्चा कल्याणनं कसा लावला, म्हाईत हाये का?"

साहेब म्हणाले, छताच्या मापानं लावला असेल, सगळीकडं तसाच लावतात.

"खाली रोवलेल्या डांबांचा न्हाई लावला?"

"डांबांचा कोण लावतं? जेवढं छत तेवढे पैसे."

"पण छत तर जमिनीला लागत न्हाई, मामा."

साहेबांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. सासरा खाली मान घालून हसू दाबत होता.

"टॉवर म्हणजे डांब," शिवकन्या म्हणाली. "आमच्या डोक्यावर छत तारांचं हाये. सगळ्या शेतकऱ्यांचा पट्टा मोजा, पैसे बँकेत पडू द्या. मंग त्याच दिवशी येते मी, बिलकुल जल्दी."

साहेब हसले ते असे, की डोळ्यांतून पाणी आलं. तिथंच ओसरीवर उभं राहून त्यांनी वरिष्ठांना फोन लावला आणि नोकरीत पहिल्यांदाच आवाज चढवला. काम या लग्नातून सोडवायचं असेल तर पट्टा मोजावाच लागेल, म्हणाले, आणि तो आपण द्यायलाच पाहिजे होता, हेही सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात मोजणीची माणसं वस्तीवर आली. कडूबाई स्वतः टेपेचं एक टोक धरून बांधाबांधानं चालली, आणि टेप सैल पडली की मागं वळून बघायची. तिच्या रानातला पट्टा मोजला, गुरुजींच्या रानातला मोजला, ज्यांनी आशा सोडून दिलेली त्यांच्याही रानातला मोजला. पैसे खात्यात पडल्याचे मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच दुपारी टणाटण वाजले. रामप्रसाद झाडाखाली डुलक्या घेत होता, तो मंदिरात आरती लागली समजून उठून उभा राहिला.

शिवकन्या त्याच संध्याकाळी आली. जीपमधून, पुढच्या सीटवर, साहेबांच्या शेजारी. कडूबाईनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, कल्याणकडून मांडव उतरवून घेतला, मेढीवरचे डहाळे आपल्या हातानं सोडले आणि रामप्रसादला सांगितलं, चढ आता बिनघोर, जपून ओढ.

तार सरसर पुढं निघाली. गावकऱ्यांनी हलगी लावली, गुरुजी या वयात नाचले, आणि साहेबांना कुणीतरी फेटा बांधून मधोमध उभं केलं.

पण लाइन तिथं संपत नव्हती. दुसऱ्या दिवशी फेट्यासकट पुढच्या गावाला पोचलेले साहेब जीपमधून उतरले आणि जागीच थबकले. नजर जाईल तिथवर प्रत्येक टॉवरच्या पायाला आंब्याचे डहाळे बांधलेले होते. चौकशी केली तर सगळीकडं लग्न निघालेलं. एका वस्तीवर तर नवरा-नवरी अजून ठरायचे होते, पण मांडव तयार होता.

साहेबांनी रामप्रसादला हाक मारली आणि सांगितलं, तारेचं रीळ राहू दे गाडीतच, आधी टेप काढ.