दोन रंगांचा नीलम

मित्रांनो, मी एक जुना नीलम आहे. जुना म्हणजे तुमच्या पणजोबांच्या घड्याळाइतका जुना नव्हे. मी जमिनीच्या पोटात तयार झालो तेव्हा घड्याळ बघायला माणूसच नव्हता. पुढे ज्वालामुखीने मला वर उधळले, ओढ्यांनी घरंगळत नेले आणि ॲनाकी नावाच्या गावाजवळच्या माळाखाली गोट्यांच्या थरात पुरून टाकले. तिथे मी स्वस्थ पडून होतो. माझे एक अंग गर्द निळे, दुसरे मधासारखे पिवळे, आणि दोन्ही भेटतात तिथे हिरवी पट्टी. मला माझे हे रूप फार आवडे. आवडायला दुसरे कोणी नव्हतेच म्हणा!

मला उजेडात आणले नोरीन टॅपसेलने. एकटी बाई, हातात कुदळ, डोक्यावर चुरगळलेली हॅट. खड्ड्यातली रेती बादलीने वर ओढायची, चाळणीत घालून पाण्यात हिंदकळवायची आणि चाळणी टेबलावरच्या पोत्यावर पालथी घालायची. आमची जात वजनदार. पाण्यात आम्ही चाळणीच्या तळाशी, मधोमध जमतो. त्यामुळे चाळणी पालथी पडली की ढिगाच्या माथ्यावर दिसतो. नोरीनने मला उचलले, चक्क जिभेने चाटले आणि सूर्यासमोर धरले. माळावर सगळे असेच करतात, कारण ओला खडा रंग लपवत नाही.

“अगं बाई, केवढा हा!” ती ओरडली.

शेजारच्या खड्ड्यातून मर्व धावत आला. खाणकाम करणारा आणि खड्यांना पैलूही पाडणारा हा माणूस तोंडाचा भारी फटकळ. त्याने मला उलटसुलट फिरवून पाहिले आणि नाक मुरडले.

“पिवळा मारतोय की गं! कोंबड्यांना टाक.”

झाले, माझे कौतुक तिथेच संपले. त्या काळी व्यापाऱ्यांना फक्त एकरंगी निळा खडा लागे. दोन रंगांचा म्हणजे बिघडलेला, हे माळावर लहान पोरही सांगे. नोरीनने मला जॅमच्या रिकाम्या बरणीत टाकले. तिथे माझ्यासारखेच नाकारलेले भाऊबंद होते. निळे खडे मात्र व्यापाऱ्याच्या पिशवीतून परदेशी जायचे. तिथे त्यांना भट्टीत तापवून आणखी निळे करायचे आणि भलत्याच देशाचे नाव लावून विकायचे. तरीही मला त्यांचा हेवा वाटे. खोटे कशाला बोलू?

वर्षे गेली. नोरीनच्या गुडघ्यांनी दगा दिला. चालू खड्डा बुजवून लेकीकडे रॉकहॅम्प्टन शहरात राहायला जायचे तिने ठरवले. अशात एके सकाळी टॅमसिन नावाची परिचारिका तिच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभी राहिली. तिचे लग्न ठरले होते आणि तिला अंगठी घडवून घ्यायची होती.

“अगं, मग शहरातली दुकानं काय ओस पडली?” नोरीनने चहाचा मग पुढे करत विचारले.

“मी परदेशात खाणींच्या मुलखात काम करून आलेय,” टॅमसिन म्हणाली. “तिथं आमच्या दवाखान्यात एक लहान मुलगी आणली होती. खडे काढताना खड्डा तिच्या अंगावर कोसळला होता. तिचा हात आम्हाला वाचवता आला नाही. दुकानदारांना विचारते, खडा कुणी काढला? तर ते फक्त चकाकी दाखवतात. नोरीन, तुम्ही स्वतः काढलेला खडा असेल तरच द्या. नाहीतर मी बिनखड्याचीच अंगठी घालीन.”

नोरीनने टॉवेल पसरला, त्यावर निळे खडे मांडले आणि आमची बरणी पटकन चहाच्या डब्यामागे सरकवली. पाहुणीसमोर तिला आमची लाज वाटली. मला फार लागले ते.

टॅमसिनने सगळ्यांत देखणा निळा खडा उचलला. तिचा चेहरा उजळला. “हा तुम्ही काढलात?”

मर्व तिथेच बसला होता. त्याने टेबलाखालून नोरीनच्या बुटाला बूट लावला. एक ‘हो’ म्हटले की काम फत्ते! नोरीनने पाय मागे घेतला.

“नाही गं पोरी. एका व्यापाऱ्याशी अदलाबदल केली, त्यात आला. कुठला, कुणी काढला, देव जाणे.”

टॅमसिनने खडा खाली ठेवला. ठेवताना तिचा जीव त्यात अडकलेला दिसत होता, तरी ठेवला. नोरीनने स्वतः काढलेले चांगले निळे खडे केव्हाच विकले गेले होते. टॉवेलवर उरले ते काळपट. टॅमसिन आभार मानून उठली आणि दारापर्यंत गेली.

“थांब!” नोरीनने बरणी ओढून काढली. “हे सगळे माझ्या हातचे आहेत. पण बिघडलेले आहेत, दोन रंगांचे. हसू नकोस.”

टॅमसिनने मला उचलून दारातल्या उन्हात धरले. ती हसली नाही. मला हळूहळू फिरवत राहिली.

“अहो, हा बिघडलाय? यात तर सकाळ आणि संध्याकाळ एकत्र आहे! कुठं सापडला?”

नोरीन काठी टेकत तिला माझ्या जागेवर घेऊन गेली. तिथला खड्डा तिने कधीच मातीने भरून टाकला होता आणि वर बाभळीची झुडपे वाढली होती. टॅमसिनने वाकून त्या मातीला हात लावला आणि मला मुठीत घट्ट धरले.

मर्वने मला सहाणेवर घेतले तेव्हा मी घाबरलो. “पिवळं काढून टाकू? निव्वळ निळा उरेल, पण एवढासा,” त्याने टॅमसिनला विचारले.

“खबरदार! आणि भट्टीतही घालायचा नाही. जसा आहे तसा हवाय.”

“असं म्हणतेस? मग कोंबड्यांचं नशीबच फुटकं,” मर्व पुटपुटला. पण पैलू त्याने जीव ओतून पाडले. माझा निम्म्याहून अधिक भाग भुकटी होऊन गेला, पण दोन्ही रंग राहिले.

लग्नाआधी टॅमसिन अंगठी घेऊन माळावर आली. नोरीनचे सामान बांधून झाले होते. टॅमसिनने अंगठी काढून तिच्या तळहातावर ठेवली. “आधी तुम्ही घालून बघा.”

कुदळ धरून धरून नोरीनच्या बोटांचे सांधे सुजले होते. अंगठी कुठल्याच बोटात जाईना. शेवटी करंगळीच्या टोकाला अडकली. नोरीनने हात लांब धरला. जन्मभर तिने खडे काढले, पण आपला एकही खडा कुणाच्या हातात घातलेला तिने कधी पाहिला नव्हता.

“मर्व, अरे बघ ना!” ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. “आपला खडा असा दिसतो होय रे!”

मित्रांनो, मोठेपणी कधी खडा घ्यायला गेलात, तर रंग जरूर बघा. पण हा कुणी काढला, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर खडा कितीही आवडला तरी खाली ठेवा. आणि मिळाले, तर अंगठी घडल्यावर एकदा त्या माणसाकडे जा आणि ती त्याला दाखवून या.