मेढ रोवलेला तंबू

मी तंबू बोलतोय. उभ्यानं बोलतोय, हे आधी ध्यानात घ्या. माझी उमेदीची वर्षं माळ्यावर आडवं पडून गेली, त्यामुळे उभं असल्याची मला जरा घमेंड आहे.

जन्म कानपूरचा. जाड खाकी कापड, दोन सागवानी खांब, वर आढं, चहूबाजूंनी तणावे आणि पोतंभर खुंट्या. अख्ख्या कुटुंबानं आत पसरून घोरावं एवढा माझा घेर. लष्करात थोडे दिवस काढले, मग लिलावात निघालो आणि सोलापूरच्या महादेवप्पांनी मला घरी आणलं. त्यांचं चादरींचं दुकान होतं आणि आपण फार पुढारलेले आहोत अशी त्यांची समजूत होती. तळ्याकाठी तंबू ठोकून बसलेलं एक कुटुंब त्यांनी कुठल्याशा रंगीत मासिकात पाहिलं होतं. पुढारलेपण एवढ्यावर भागत असेल तर कुणाला नको आहे?

पंचाहत्तर सालची संक्रांत नुकतीच झाली होती. त्यांच्या मुलीला, महानंदाला पाहायला मैंदर्गीची मंडळी यायची होती.

"घरात बसून पोरगी समदेच दाखवत्यात. आपण हिप्परग्याच्या तळ्यावर तंबू मारू की," महादेवप्पा म्हणाले.

महानंदाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. तिला शिकून मास्तरीण व्हायचं होतं. पण लग्न ठरलं की कॉलेज बंद, हेही त्याच पुढारलेल्या तोंडानं सांगून झालं होतं.

तळ्यावर मला मोटारीच्या टपावरून खाली ओढलं. महानंदा एनसीसीत होती, माझे कितीतरी भाऊबंद तिनं उभे केले होते. ती म्हणाली, "अप्पा, वारं तळ्याकडनं येतंय. दार तिकडं नको. अन् ह्या अंगाला खाली खडक दिसतोय."

"सुम्न कूड! गप बस सतरंजीवर. पाव्हणं येतील, इरकल लुगडं चुरगळंल."

मग महादेवप्पा आणि त्यांचा मेहुणा नागप्पा कामाला लागले. एक खड्डा, एक खांब, आणि त्यावर चार मतं. दोन माणसांत चार मतं कशी होतात हे मला लष्करात कधी पाहायला मिळालं नव्हतं. शेवटी कसाबसा पहिला खांब रोवला गेला.

तेवढ्यात महादेवप्पांच्या आई, बसम्मा, पुढे आल्या. लग्नाच्या कामासाठी रोवलेला खांब म्हणजे मांडवाची मेढच, असं त्यांनी परस्पर ठरवलं. खांबाला विभूतीचे पट्टे ओढले, हळदकुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला. आता दुसरा खांब रोवायला गेले, तर पहार टणकन वाजली. खाली खडक! पहिला खांब थोडा सरकवला असता तर भागलं असतं. पण बसम्मा आडव्या आल्या.

"रोवल्याली मेढ हलवताव? पोरीचं वाटोळं करालाव काय?"

दोघे पुढारलेले पुरुष दगड गोळा करायला लागले. दगड रचून त्यावर दुसरा खांब ठेवला. खुंट्या शिरेनात, म्हणून एक तणावा मोटारीला बांधला आणि एक जेवणाच्या टोपलीला. माझी अवस्था लग्नात उसना कोट घातलेल्या माणसासारखी झाली.

पाहुणे आले. मुलगा सिद्धाराम आणि त्याची आई सावित्रम्मा आत ऐटीत बसले. महादेवप्पा म्हणाले, "आमी असंच येतो अधनंमधनं." त्यावर वाऱ्याचा एक झोत आला, दगड ढासळले आणि मी पडलो. खोटं कशाला बोलू, थोडा मनापासूनच पडलो.

"धरा की!" "कुटं धरू?" "आगं आई, माजी मान!" नागप्पा कापडाखालूनच सगळ्यांना हुकूम सोडत होता. महानंदा चहा आणायला बाहेर गेली होती. तिनं नुसतं बघत राहायचं होतं. स्थळ मोडलं असतं, कॉलेज वाचलं असतं. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं. ती मात्र पदर खोचून धावली. तणावे सोडले, आढं उचललं, एकेकाला बाहेर काढलं.

मग आजीकडे वळून म्हणाली, "अव्वा, मेढ हलवायची न्हाय ना? न्हाय हलवत. तंबूच फिरवते." त्या खांबाभोवती तिनं मला पार उलट्या बाजूला फिरवलं. तिकडे मऊ माती होती. खुंट्या गपकन शिरल्या, दारानं वाऱ्याकडे पाठ केली. मी आयुष्यात इतका ताठ कधी उभा नव्हतो.

सावित्रम्मा माझ्या सावलीत बसल्या, तूप ओतून शेंगापोळ्या खाल्ल्या आणि तोंड पुसत म्हणाल्या, "तंबू लई झ्याक मारलास पोरी. पण आमाला सून पायजे, हवालदार न्हवं."

सिद्धारामनं मान डोलावली. आई काहीही बोलली असती तरी त्यानं ती डोलावलीच असती.

'हवालदारीण' हे नाव पाहुण्यारावळ्यांत पसरलं आणि पुढे स्थळच येईना. कॉलेज मात्र पुरं झालं. माझे हाल झाले ते वेगळेच. मेढीखाली लग्न लागल्याबिगर मेढ काढायची नाही, असं बसम्मांनी बजावलं. तो खांब तळ्यावरच राहिला आणि मी माळ्यावर गेलो. एका खांबाचा तंबू म्हणजे नुसतं गाठोडं. घरात काही बिनसलं की सगळे वर बोट दाखवायचे, "त्या तंबूनं घात केला." खडक न पाहणाऱ्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. याचा मला अजून राग आहे.

महानंदा बार्शीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं मला खाली काढलं आणि थेट तळं गाठलं. बसम्माही मागोमाग आल्या आणि खांबाला पाठ लावून बसल्या.

"मेढ उपटलीस तर जल्मभर बिनलग्नाची ऱ्हाशील!"

"अव्वा, जरा सरकून बसा," महानंदा म्हणाली. "खांब अंगावर पडंल."

बसम्मा सरकल्या. महानंदानं खांब उपटला. बुडाला थोडी वाळवी लागली होती, तेवढा भाग तिनं कापून टाकला.

म्हणून आज माझी एक बाजू जराशी खाली आहे. महानंदाचं लग्न झालं नाही आणि लोक अजून मलाच दोष देतात. देईनात का! तिच्या शाळेच्या पोरी मला दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या माळावर उभा करतात आणि हसत हसत पाडतात.

आज बसम्मा नातीचा कारभार बघायला आल्या आहेत. दुपारभर माझ्या सावलीत झोपल्या. आत्ताच उठून त्यांनी कनवटीची कुंकवाची डबी हळूच काढली आणि खांबाजवळ गेल्या. महानंदानं ते पाहिलं.

"लावा की अव्वा. पण खांब आत्ता उपटणार हाय."

बसम्मांनी थोडा विचार केला आणि डबीचं झाकण लावलं. "मग कुकू कशाला वाया घालवू?"

एवढं कळायला त्यांना इतकी वर्षं लागली. तुम्ही तरी खांब रोवताना आधी खालची जमीन बघा, आणि सतरंजीवर बसवलेल्या पोरीला एकदा विचारा. बरं, पोरी तणावे सोडायला लागल्या. आता मी आडवा होतो.