बाबांची पाचवी केबल

बाबांनी पाचवी केबल आणली त्या दिवशी माझा पारा चढला.

चाळीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेला माणूस. कुठे आवाजाचा घोळ झाला की लोक त्यांच्या कानांवर विसंबायचे. आता त्याच कानांना गाण्यातली झांज ऐकू येईना, आणि खापर फोडलं प्लेअरच्या केबलवर! मला त्यांना फक्त एकदा कानांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. विषय काढला की ते बाल्कनीत जाऊन उभे राहायचे.

"तांब्याची झाली, प्रकाशावर चालणारी झाली," मी म्हटलं. "ही कसली?"

"हिच्यातून सेकंदाला अठरा गिगाबिट जातात."

"बाबा, दोन स्पीकरच्या गाण्याला दीड मेगाबिट पुरतात हो! एकट्याला झोपायला तुम्ही अख्खं नाट्यगृह घेतलंय."

"मग झांज कुठे गेली?"

"डिजिटल केबल नेमकी झांज तेवढी गाळत नाही. बिघडली तर तडतडेल, नाहीतर सगळंच गप्प."

"तू मला शिकवू नकोस," म्हणत ते टॉर्च घेऊन प्लेअर ठेवलेल्या कपाटामागे शिरले.

बिघाड शोधायची त्यांची जुनी शिस्त होती. आवाज जिथून जिथून जातो त्या प्रत्येक गोष्टीची यादी करायची, एका वेळी एकच बदलायची, मग वहीत टिक. दुपारभर कपाटाबाहेर त्यांचे नुसते पाय दिसत होते. प्लेअर बदलला, टिक. केबल, टिक. अँप्लिफायर, टिक. शेजाऱ्यांचे स्पीकर उचलून आणले, तेही टिक. मला झांज लख्ख ऐकू येत होती. बाबांना नाही.

आई टेबलाशी शर्टाचं बटण लावत बसली होती. तिनं दोरा तोडला, वही ओढली आणि यादीच्या शेवटी एक शब्द लिहिला : ऐकणारा.

बाबांनी ती ओळ वाचली. यादीतली ओळ टिक न करता सोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मी जिंकले होते, पण त्यांचा चेहरा बघून मला अजिबात बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. चार हजार हर्ट्झच्या पुढे रेघ धाडकन खाली.

"हे आजचं नाही, दहाएक वर्षांचं असेल," डॉक्टर म्हणाले. "बारीक आवाज आधी जातात. हळू बोलणाऱ्यांचे शब्द पुसट होतात."

बाबा आईकडे वळले. त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे दहा वर्षं मी तुला 'तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस' म्हणून झापतोय, ते..."

"अर्ध्या वेळा मी पुटपुटतच होते," आई मोठ्यानं, शब्द तोडून तोडून म्हणाली. "तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."